लग्नसराई संपली की कॅमेरा मैदानावर न्या

तुळशीचं लग्न लागलं की चाकूर, अहमदपूर, उदगीरकडच्या फोटोवाल्यांना धड जेवायला वेळ मिळत नाही. साखरपुडा, हळद, लग्न, डोहाळजेवण, वास्तुशांती, पुन्हा लग्न. मृगाचा पाऊस पडेपर्यंत हे असंच चालतं. मग आषाढी एकादशी येते, चातुर्मास लागतो, मुहूर्त विरळ होतात आणि ज्याचे हप्ते अजून फिटायचे आहेत तो कॅमेरा बॅगेत पडून राहतो. नेमक्या त्याच महिन्यांत शाळांच्या क्रीडा स्पर्धा सुरू होतात. आधी तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य. कबड्डी, खो-खो, कुस्ती, धावणं, गोळाफेक. खेडोपाडीची लेकरं टमटममधून, एसटीतून, सरांच्या मोटरसायकलवर बसून येतात आणि दिवसभर जीव तोडून खेळतात. या मैदानांवर फोटोग्राफर दिसतो तो उद्घाटनापुरता. पाहुणे नारळ फोडतात, फुगे सोडतात, खेळाडूंशी हात मिळवतात. तेवढं टिपून तो पाहुण्यांच्या गाडीमागोमाग निघून जातो. खेळ सुरू होतो तेव्हा कॅमेरा नसतो.

म्हणून चाकूर तालुक्यातल्या आणि आजूबाजूच्या सगळ्या फोटोवाल्यांना, पत्रकारिता शिकणाऱ्या पोरापोरींना, गावोगावच्या वार्ताहरांना आणि चांगला मोबाइल बाळगणाऱ्या क्रीडा शिक्षकांनाही माझं कळकळीचं सांगणं आहे. क्रीडा छायाचित्रणाची कार्यशाळा लातुरात, नांदेडात, पुण्यात, कुठंही भरत असेल तर तिला जा. दोन दिवसांचं काम बुडालं तरी जा. मात्र तयारी करून जा, आणि परत आल्यावर प्रमाणपत्र दुकानात लावून थांबू नका.

आपल्या भागात टिपण्यासारखं आहे काय, असं कुणी विचारेल. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार 1969 साली महाराष्ट्र केसरी झाले, पुढं रुस्तम-ए-हिंद झाले. लातूरचेच काका पवार अर्जुन पुरस्काराचे मानकरी, आणि पुण्यात त्यांनी कितीतरी मल्ल घडवले. बीड जिल्ह्यातली प्रियांका इंगळे भारताच्या महिला खो-खो संघाची कर्णधार होती. 19 जानेवारी 2025 ला दिल्लीत तिच्या संघानं नेपाळला 78-40 असं हरवून पहिला विश्वचषक जिंकला. 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटनात भारताचा तिरंगा ज्या दोघांच्या हाती होता, त्यातली एक नांदेडची भाग्यश्री जाधव. ही माणसं मोठी झाल्यावर जगातल्या कॅमेऱ्यांनी त्यांना टिपलं, ते बरंच झालं. पण आज नळेगावच्या किंवा वडवळ नागनाथच्या शाळेत खांबाशी सूर मारणारी एखादी आठवीतली पोर असेल, तिचा सूर मारतानाचा एक तरी नीट फोटो कुणाकडं आहे का?

फोटोनं काय होतं, असंही लोक विचारतात. सरकारी नोकरीतल्या पाच टक्के क्रीडा आरक्षणाला प्रमाणपत्र लागतं, तिथं फोटो चालत नाही, हे मला ठाऊक आहे. पण पोरीला पुढच्या वर्षी खेळायला पाठवायचं की नाही, हा निर्णय घरात होतो. आजी, चुलते, शेजारी यांच्यासमोर होतो. त्यांनी तिला खेळताना कधी पाहिलेलंच नसतं. हवेत झेपावलेल्या आपल्या लेकीचा फोटो त्या घरात पोहोचला की बोलण्याचा सूर बदलतो. प्रमाणपत्र फाइलमध्ये राहतं, फोटो चारचौघांना दाखवला जातो. माझ्या लेखी या कामाचं सगळ्यात मोठं मोल हेच आहे.

आता लग्नाचे फोटो काढणाऱ्यांशी थेट बोलतो, कारण तालुक्यात चांगले कॅमेरे आणि लेन्स आहेत ते तुमच्याकडंच. तुमचा हात बसलेला आहे, गर्दीत वाट काढायची सवय आहे, बारा-बारा तास उभं राहायची ताकद आहे. यातलं बरंच कामाला येईल. पण काही सवयी मोडाव्या लागतील. लग्नात हार पुन्हा घालायला सांगता येतो, अक्षता पुन्हा टाकायला लावता येतात. मैदानात खो पुन्हा कुणी देत नाही. लग्नात फ्लॅश मारला तर कौतुक होतं. बॅडमिंटनच्या नाहीतर जिम्नॅस्टिक्सच्या हॉलमध्ये फ्लॅश मारलात तर खेळाडूच्या डोळ्यांपुढं अंधारी येईल आणि पंच तुम्हाला बाहेर काढतील, ते योग्यच असेल. लग्नाच्या फोटोत चेहरा गुळगुळीत करून देतात. मैदानावरच्या चेहऱ्याचा घाम, माती, ओरखडा पुसायचा नाही, कारण तोच तर फोटो आहे.

कार्यशाळेत पहिल्या तासाला शटरचा वेग शिकवतील. धावणं, खो-खो, कबड्डी यांसाठी सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून वेगवान, कुस्तीत पकड घट्ट झालेली असताना पाचशेवा भागही चालतो. फोकस एका जागी अडकवून न ठेवता खेळाडूच्या मागं सतत फिरत राहील असा लावायचा. हॉलमधल्या दिव्यांचा उजेड आपल्याकडच्या 50 हर्ट्झच्या विजेमुळं सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो, त्यामुळं काही दिव्यांखाली एक फोटो उजळ आणि पुढचा काळपट निघतो. त्यावर कॅमेऱ्यात काय सोय असते तेही सांगतील. हे सगळं यूट्यूबवरही मिळतं, असं तुम्ही म्हणाल. मिळतं, खरं आहे. यूट्यूबवर न मिळणारी गोष्ट म्हणजे तुमच्या शेजारी गुडघ्यावर बसून, तुमच्याच कॅमेऱ्याच्या पडद्यावर बोट ठेवून, ‘इथं का उभा राहिलास?’ असं विचारणारा माणूस. कार्यशाळेचे पैसे त्या प्रश्नासाठी द्यायचे असतात.

कारण या कामात उभं कुठं राहायचं हे निम्म्याहून जास्त असतं. 25 मे 1965 ला अमेरिकेत लुइस्टन या गावी मुहम्मद अलीनं सॉनी लिस्टनला पहिल्याच फेरीत पाडलं. पडलेल्या लिस्टनवर हात आखडून ओरडणारा अली, हा फोटो तुम्ही कुठं ना कुठं पाहिलेला असणार. तो काढणारा नील लायफर तेव्हा 22 वर्षांचा होता. त्या फोटोत अलीच्या पायांच्या मधून पलीकडचा एक टकलू फोटोग्राफर दिसतो. तो हर्ब शार्फमन, लायफरच्याच साप्ताहिकासाठी काम करणारा, वयानं आणि अनुभवानं मोठा. त्याच्यापुढं अलीची पाठ होती, लायफरपुढं अलीचा चेहरा. अली कुठं वळेल ते लायफरच्या हाती नव्हतं, हे मान्य. पण अली वळला तेव्हा फोकस, उजेड आणि बोट या तिन्ही गोष्टी तयार होत्या, आणि त्या त्याच्या हातातल्या होत्या.

आपल्या खेळांना हेच लावून बघा. खो-खोचा फोटो मैदानाच्या मध्यावर, बाकड्याशेजारी उभं राहून काढला तर पाठीच पाठी येतात. खांबाच्या मागं थोडं बाजूला, जमिनीलगत बसलात तर पळणारा तुमच्या अंगावर येतो आणि त्याच्यामागं सूर मारणारा, दोघांचे चेहरे मिळतात. कबड्डीत चढाई करणारा बोनसच्या रेषेवर पाय टाकतो तेव्हा त्याचा चेहरा पाहायचा तर बचाव करणाऱ्या संघाच्या मागं, शेवटच्या रेषेबाहेर बसावं लागतं. आणि मध्यरेषेकडं हात लांबवून तो परत झेपावतो ते हवं असेल तर समोरच्या बाजूला. एका वेळी दोन्ही मिळत नाही. पूर्वार्धात एक जागा, उत्तरार्धात दुसरी, हे आधी ठरवावं लागतं. शंभर मीटरला समाप्तीच्या रेषेपलीकडं, धावणाऱ्यांच्या समोर. लांब उडीला वाळूच्या पुढं. आणि सगळीकडं बूड टेकून. उभ्यानं काढलेल्या फोटोत खेळाडू बुटका दिसतो आणि मागं रसवंतीचा बोर्ड, मोटरसायकली, मंडपाचं कापड येतं. खाली बसलात की त्याच्यामागं आभाळ येतं.

जागेइतकंच खेळ माहीत असणं महत्त्वाचं. 29 जुलै 2024 ला ताहितीच्या समुद्रात जेरोम ब्रुये या फोटोग्राफरनं ब्राझीलच्या गॅब्रिएल मेदिना या लाटांवर तरंगणाऱ्या खेळाडूचा फोटो काढला. मेदिना हवेत सरळ उभा, एक बोट आभाळाकडं, शेजारी त्याची फळीही तशीच उभी. फोटो जगभर फिरला. ब्रुये होडीत बसून होता. लाटेतून मेदिना दिसत नव्हता, पण लाट संपताना तो बाहेर उडी घेईल आणि आनंदानं काहीतरी करेल याचा अंदाज होता. त्यानं चार फोटो घेतले, त्यातला एक हा. ताहितीत राहून वर्षानुवर्षं ती लाट पाहिलेल्या माणसालाच असा अंदाज येतो. तुमच्याकडं अशी कोणती लाट आहे? कुस्ती आहे. माळेगावच्या यात्रेत, लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेत लहानपणापासून कुस्त्या पाहिलेल्या आहेत. ढाक लागणार हे मल्लाच्या पायावरून तुम्हाला आधी कळतं. मुंबईहून आलेल्या फोटोग्राफरला ते कळत नाही. या ठिकाणी तुम्ही त्याच्या पुढं आहात, आणि कार्यशाळेत मान खाली घालून बसायचं काही कारण नाही.

आणखी एक सांगतो. शिट्टी वाजली की कॅमेरा खाली घेऊ नका. जानेवारी 2020 मध्ये पुण्याच्या बालेवाडीत महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि आपल्या लातूरचा शैलेश शेळके यांच्यात झाली. दोघंही काका पवारांच्या तालमीतले. हर्षवर्धन 3-2 नं जिंकला आणि जिंकल्याबरोबर त्यानं शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं. त्या कुस्तीतला कोणता डाव कुणाच्या लक्षात आहे? खांद्यावर घेतलेला हरलेला मित्र सगळ्यांच्या लक्षात आहे. निकालाची नोंद करायला पंच असतात. नंतरचं अर्धं मिनिट तुमचं.

कार्यशाळा निवडताना थोडी चौकशी करा. शिकवणाऱ्याचे छापून आलेले खेळाचे फोटो आधी बघा. सगळे तास खोलीत आहेत की प्रत्यक्ष सामना टिपायला नेणार, हे विचारा. विद्यार्थी किती, आणि प्रत्येकाचे फोटो बघून त्यावर कुणी बोलणार का, हे विचारा. मैदान नसेल आणि फोटोंची उलटतपासणी नसेल तर फी कितीही कमी असो, मी जाणार नाही. काही शिबिरं फुकट असतात आणि तिथं मुख्यतः लेन्स हाताळायला देतात. जरूर जा, हाताळा, शिका, पण त्या उत्साहात हप्त्यावर काही घेऊन येऊ नका. मैदानी खेळांना 70-200 ची लेन्स पुष्कळ झाली, आणि ती लग्नाचं काम करणाऱ्या बऱ्याच जणांकडं असते. नसेल तर मोठ्या शहरात ती दिवसाच्या भाड्यानं मिळते. आधी भाड्यानं चार सामने टिपा. मग विकत घ्यायची की नाही ते तुम्हालाच कळेल.

जाण्याआधी सराव करा. पहाटे लातूर-नांदेड रस्त्यालगत भरतीची पोरं धावत असतात. पोलीस भरतीला मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावावं लागतं, त्याचा सराव रोज चालतो. त्यांना विचारून, कशासाठी ते सांगून, आठ दिवस त्यांचे फोटो काढा. शटर तिसाव्या-साठाव्या भागावर आणून कॅमेरा त्यांच्याबरोबर फिरवा. मागचं सगळं पुसट होईल आणि धावणारा तेवढा ठळक राहील असा एक फोटो मिळायला शंभर फुकट जातील, जाऊ द्या. त्याबरोबर एक सावधगिरी. चाकूरला सीमा सुरक्षा दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. त्याच्या आसपास परवानगीशिवाय कॅमेरा बाहेर काढू नका.

या सरावातले दहा फोटो कार्यशाळेला घेऊन जा, आणि त्यात फसलेले जास्त असू द्या. चांगले दाखवून शाबासकी मिळेल, फसलेले दाखवून उत्तर मिळेल. हिंदी-इंग्रजीतून शिकवत असतील आणि एखादी गोष्ट डोक्यावरून गेली तर तिथंच हात वर करा. खेड्यातून आलोय, लोक काय म्हणतील, या संकोचापायी आपली पोरं दोन दिवस मागच्या रांगेत बसून परत येतात. त्याचं मला फार वाईट वाटतं. पैसे तुम्ही बाकीच्यांइतकेच भरलेत.

मुलींना खास सांगायचं आहे. लातूर-नांदेडच्या कॉलेजांत माध्यमांचं शिक्षण घेणाऱ्या मुली आता कमी नाहीत, आणि मैदानावर मुलींच्या स्पर्धा असतात तिथं तर तुमची गरज जास्त आहे. मुलींच्या संघाजवळ, कपडे बदलण्याच्या जागेपासून योग्य अंतर राखून, विश्वासानं वावरणारी फोटोग्राफर असली की पालकही निर्धास्त राहतात. घरच्यांनी एकटीला पाठवायला नकार दिला तर दोघी-तिघी मिळून जा, पण जा.

आणि पुरुष फोटोग्राफरांनो, खेळणारी बहुतेक लेकरं अठराच्या आतली आहेत. सरांची परवानगी घेतल्याशिवाय एकही फोटो काढायचा नाही. खेळाच्या धांदलीत कपडा सरकलेला, अवघडलेल्या स्थितीतला फोटो निघाला तर तो तिथंच पुसून टाकायचा, कुणाला दाखवायचा नाही, ग्रुपवर टाकायचा नाही. 2012 चा पॉक्सो कायदा कडक आहे, पण कायद्याच्या भीतीनं नव्हे, ती आपलीच लेकरं आहेत म्हणून. मुलीचा फोटो समाजमाध्यमावर टाकताना तिचं नाव, गाव, शाळा सगळं एकत्र लिहू नका. हरून रडणाऱ्या लेकराच्या तोंडाजवळ लेन्स नेऊ नका. लांबून एखादा घ्या, तो द्यायचा की नाही ते नंतर ठरवा.

कॅमेरा नसेल तर मोबाइल घेऊन या. लेन्स रुमालानं पुसा. झूम करू नका, परवानगी असेल तिथपर्यंत जवळ जा. काही मोबाइलवर बटण दाबून धरलं की सलग फोटो निघतात, ती सोय शोधून ठेवा. मागचं धूसर करणारा पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, धावणाऱ्याचा हात तो कापून टाकतो. आणि वर्तमानपत्राला पाठवताना व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून टाकू नका, त्यात बारकावे मरतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. सोबत चार ओळी हव्यातच: कोण, कोणत्या शाळेचा, कोणता सामना, कुठं, कधी, निकाल काय. लातूरच्या ‘एकमत’पासून नांदेडच्या ‘प्रजावाणी’पर्यंत कुठल्याही दैनिकाच्या टेबलावर नावाशिवाय आलेला उत्तम फोटो बाजूला पडतो, आणि नावासकट आलेला बरा फोटो छापला जातो. नाव चुकलं तर मात्र त्या लेकराचा आनंद आपण हिरावून घेतो. दोनदा विचारून वहीत लिहा.

पैशाचं स्पष्ट बोललेलं बरं. आपल्या भागात केवळ खेळाच्या फोटोंवर घर चालणार नाही. दैनिकं फार देत नाहीत, काही काहीच देत नाहीत. पण शाळांचे वार्षिक अंक असतात, संस्थांचे फलक असतात, कुस्ती भरवणाऱ्या यात्रा समित्या असतात, क्रिकेटच्या टेनिस बॉल स्पर्धांना आता हजारोंची बक्षिसं लागतात. त्यांना खेळाचा चांगला फोटो दाखवा आणि रास्त मोबदला मागा, लाजू नका. खेळणाऱ्या गरीब लेकराकडून मात्र पैसे घेऊ नका. एक प्रिंट काढून त्याच्या हातात द्या, एवढं आपण सोसू शकतो.

क्रीडा शिक्षकांनाही विनंती आहे. खेळाडूंच्या पाठीवर नंबर ठळक असू द्या आणि संघाच्या यादीची एक प्रत फोटोग्राफरला द्या. समाप्तीच्या रेषेपुढं पाहुण्यांच्या खुर्च्या मांडू नका. सामन्याच्या वेळी एक-दोन फोटोग्राफरना कुठं बसता येईल ती जागा चुन्यानं आखून ठेवा, म्हणजे कुणी आत घुसणार नाही आणि पंचांनाही त्रास होणार नाही. जिल्हा क्रीडा कार्यालयानं आणि आपल्या विद्यापीठाच्या माध्यमशास्त्र संकुलानं मनावर घेतलं तर अशी कार्यशाळा लातुरात जिल्हा क्रीडा संकुलावरच भरू शकते. 19 ऑगस्टला जागतिक छायाचित्रण दिन असतो आणि 29 ऑगस्टला राष्ट्रीय क्रीडा दिन. मधल्या दहा दिवसांत शिकवणारे बोलवावेत, शालेय सामने चालू असतील तर तेच वर्ग म्हणून वापरावेत. चार तालुक्यांतल्या फोटोग्राफर संघटनांनी मिळून असं लेखी निवेदन दिलं तर मागणी कुणाच्या तरी टेबलावर पोहोचेल. निवेदन मराठीत, एका पानात, किती जण येणार त्यांच्या सह्यांसकट द्या.

तोवर थांबायचं कारण नाही. ओळखीच्या क्रीडा शिक्षकाला फोन करून तालुक्याच्या स्पर्धांचं वेळापत्रक मागून घ्या. कबड्डी कोणत्या शाळेच्या मैदानावर आहे, खो-खो कुठं आहे, पहिला सामना किती वाजता, हे लिहून ठेवा. बॅटरी रात्रीच चार्ज करा, दोन कार्डं रिकामी ठेवा, पावसाची लक्षणं असतील तर प्लास्टिकची पिशवी आणि सुती कापड सोबत घ्या. सामना सुरू होण्याच्या अर्धा तास आधी पोहोचा, मैदानाला एक फेरी मारा, ऊन कुठून येतंय ते बघा आणि मग बसायची जागा ठरवा.